कुठेच न पोचणारा जिना

मी एक जुना लाकडी जिना आहे. तुम्ही म्हणाल, जिना आहे तर वर माडी असेल, गच्ची असेल, गेला बाजार एखादा पोटमाळा तरी असेल. तसे काही नाही. मला तीन पायऱ्या आहेत आणि तिसरीच्या पुढे नुसती हवा आहे. एका सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या फळीखाली मी उभा असतो. माझ्या एका अंगावर तीन, दोन, एक असे ठळक आकडे रंगवलेले आहेत. नवे माणूस आत आले की आधी आकडे बघते, मग मला बघते आणि मग हळूच विचारते, "हे नक्की आहे काय?"

मित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले असते तर मी तुम्हाला बसवून ठेवले नसते.

माझ्या जन्माला आमच्या शाळेची एक रीत कारणीभूत आहे. ही शाळा पालकांकडून देणगी मागत नाही. वर्ष सुरू झाले की आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, फाटकाशी उभ्या राहतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक आईबापाला एकच विचारतात, "तुमच्या हाताला काय येतं?" ज्याला जे येते ते त्याने शाळेला द्यायचे. केस कापणारे एक काका मुलांचे केस कापून देतात. शिवणकाम करणारी एक आई पडदे शिवून देते. एका आजोबांनी सांगितले, "मला काहीच येत नाही, मला नुसती झोप येते." बाईंनी त्यांना दुपारी बालवर्गात नेऊन झोपवले. त्यांचे घोरणे ऐकून सगळा वर्ग गाढ झोपला. ते आजोबा पुढे कित्येक वर्षे न चुकता येत राहिले.

अशाच एका वर्षी फाटकातून सुतारकाका आले. त्यांची मुलगी पहिलीत बसली होती. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. काका म्हणाले, "माझ्या हाताला जिने येतात."

हे अगदी खरे होते. कुणी त्यांच्याकडे कपाट मागायला गेले तर ते दुसऱ्याचा पत्ता देत. त्यांनी आयुष्यभर जिनेच केले. त्यांच्या आईचे गुडघे फार लवकर गेले होते, तेव्हापासून त्यांचा एक नियम होता. ते म्हणत, "आपली आई चढू शकेल तो जिना. बाकी सगळ्या शिड्या."

त्या सुमारास खेळाच्या सरांना बक्षीस समारंभासाठी विजयमंच हवा होता. सर मैदानावर होते, तोंडात शिट्टी होती, समोर पोरे एकमेकांना ढकलत होती. सरांनी शिट्टी काढून घाईघाईने सांगितले, "तीन पायऱ्या करा, काका. तिसरा नंबर सगळ्यात खाली, दुसरा त्याच्या वर, पहिला सगळ्यात वर. मूल नीट उभं राहील एवढी रुंदी ठेवा. झालं." आणि शिट्टी परत तोंडात गेली.

आता सांगा, यात काकांचे काय चुकले? त्यांची शाळा लहानपणीच सुटली होती. बक्षीस मिळणे तर सोडाच, बक्षीस समारंभ बघायचाही योग त्यांना कधी आला नव्हता. त्यांना तीन पायऱ्या सांगितल्या, एकीपेक्षा एक वर. जिनेवाल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्यातून काय उभे राहणार?

मोडीत निघालेल्या जुन्या दारांच्या लाकडातून त्यांनी मला घडवले. रंधा फिरू लागला की माझे कुरळे केस त्यांच्या पायाशी पडत. प्रत्येक पायरीची कड त्यांनी गोल केली, म्हणजे पडले तरी कुणाच्या नडगीला लागू नये. पायऱ्या बेताच्या उंचीच्या केल्या, चढणाऱ्याला दम लागू नये म्हणून. शेवटी पॉलिशपेपर फिरवून माझ्यावर स्वतःचा गाल टेकवून बघितला. लाकूड गुळगुळीत झाले का हे तळहाताला कळत नाही, गालाला कळते, असे त्यांचे म्हणणे. माझ्या आयुष्यातला तो पहिला लाड. आकडेही त्यांनीच रंगवले. माझ्या एका अंगाला, खालच्या पायरीशी तीन, मधल्या पायरीशी दोन, वरच्या पायरीशी एक.

समारंभाच्या दिवशी सकाळी त्यांनी मला हातगाडीवर घालून, चादर पांघरून शाळेत आणले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मैदानावर मुले गोळा झाली. सरांनी चादर ओढली.

"काका, हे काय?"

"तीन पायऱ्या."

"अहो, हा जिना झाला!"

"मग? मुलांना चढायचंच आहे ना?"

"पण पहिला मध्ये असतो हो! दुसरा त्याच्या एका बाजूला, तिसरा दुसऱ्या बाजूला!"

काका खरेच विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला वाटच नाही? मग तिसऱ्यानं दुसरं व्हायचं कधी?"

सर काही बोलायच्या आत मागून एका उंच पोराने आवाज टाकला, "काका, हा जिना कुठे पोचतो?" सगळे मैदान हसले. सरांनाही हसू आवरले नाही. त्यांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते. काकाही हसले. मात्र मी त्यांच्याच हातचा आहे. त्या हसण्यातला सांधा कुठे निखळला होता, ते मला तिथल्या तिथे कळले.

त्या दिवशी तीन बाके पुढेमागे लावून समारंभ झाला. काका मागे भिंतीशी उभे होते. बाके बघितली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आतच निघून गेले. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे एक फुटका पृथ्वीगोल होता, हवा गेलेले चेंडू होते आणि भरपूर कोळी होते. गोल मला म्हणाला नाही काही, पण त्याची नजर सांगत होती की आता इथून सुटका नाही.

सुटका केली मावशींनी.

मावशी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकीण. त्या सुतारकाकांच्या सख्ख्या वहिनी. अंगाने भरलेल्या, उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र दोन मजली. दुसऱ्याच दिवशी त्या कमरेवर हात ठेवून सरांसमोर उभ्या राहिल्या. "आमच्या भाऊजींचा जिना कुठे टाकलात?"

"अडगळीत आहे, मावशी. तो काही उपयोगाचा नाही."

"तुमच्या नसेल. माझी मिठाची फळी कुणा ताडासारख्या माणसानं ठोकली आहे. उंची वाटताना देवानं माझ्या बाबतीत हात आखडता घेतला. आणा तो इकडे."

मिठाचे निमित्त होते हे मला तेव्हाच कळले. मीठ खालच्या फळीवरही ठेवता आले असते. दिराने केलेली वस्तू कोळ्यांनी वापरावी हे त्यांना पटत नव्हते, एवढेच.

असा मी स्वयंपाकघरात आलो आणि मित्रांनो, सुखात पडलो. सकाळी मावशींची पावले पायऱ्यांवर पडत. तीन, दोन, एक, मीठ. परत एक, दोन, तीन. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते आणि माझी मधली पायरीही. दोघांची कुरकुर एका सुरात निघे. वाढपाच्या वेळी लहान मुले माझ्यावर चढून आज पातेल्यात काय आहे ते डोकावून बघत. मावशी पळी उगारत, पण उगारलेली पळी कधी कुणाला लागल्याचे मला आठवत नाही.

शेजारपाजारही मला ओळखू लागला. वीजतंत्री दिवे बदलायला मला नेई. कुणी पडदे लावायला नेई. फोटोवाला वर्गाचे फोटो काढताना मागच्या रांगेतल्यांची तोंडे दिसावीत म्हणून नेई. मावशी कुणाला नाही म्हणत नसत. भाडे मात्र ठरलेले होते. मला कोरडे पुसून परत आणायचे आणि येताना एक ताजी बातमी आणायची. "शिळी चालणार नाही," असे त्या बजावून सांगत. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराला जेवढे कळे, तेवढे वर्तमानपत्राला कळत नसे.

सुतारकाका दर सुट्टीत माझी मधली पायरी बघायला येत. पाचर मारत, सरस भरत, पाय देऊन बघत. कुरकुर थांबे आणि शाळा सुरू झाली की परत येई. जाताना ते एक गोष्ट नेमाने करत. मला उचलून उलटा फिरवत आणि आकडे भिंतीकडे करून ठेवत. मावशींना चढायला दोन्ही बाजू सारख्याच, त्या काही बोलत नसत. पण मित्रांनो, कित्येक वर्षे भिंतीकडे तोंड करून उभे राहणे म्हणजे काय, ते वर्गात शिक्षा झालेल्यालाच विचारा. बक्षीस समारंभाच्या दिवशी खिडकीतून टाळ्या ऐकू येत. मी ऐके. मावशीही पळी थांबवून ऐकत. मग त्या म्हणत, "हं, मिळालं वाटतं कुणाला काही," आणि पातेल्याकडे वळत.

मग एका वर्षी शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती अशा आईबापांसाठी, मुलांची शाळा संपल्यावर, रोज संध्याकाळी. मोठ्या बाई तडक स्वयंपाकघरात आल्या.

"मावशी, तुमचं नाव घातलंय."

"माझं? अहो बाई, माझी अक्कलदाढ पडायची वेळ आली."

"मग पडायच्या आत या."

मावशींना अक्षरे येत होती, पण एकेक अक्षर पकडून, जसे कुणी तांदळातले खडे वेचावेत. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होई. वर्गात बसून त्यांना घरचा अभ्यास मिळू लागला आणि त्या अभ्यासाचे मेज झालो मी! मधल्या पायरीवर बसायचे आणि वरच्या पायरीवर पुस्तक ठेवायचे. जरा तिरपे बसावे लागे, पण मावशी म्हणत, "माझं सगळं आयुष्य तिरकंच बसण्यात गेलं, हे काय मोठंसं."

हळूहळू खडे कमी झाले. वाचन मोकळे होऊ लागले. आता दुसरीच अडचण आली. मावशी एका दमात वाचत. दूध उतू जाईल अशा घाईने त्या धडा संपवत. ताटे घेऊन रांगेत उभी असलेली मुले त्यांच्या मास्तर झाली.

"मावशी, थांबा! तिथे पूर्णविराम आहे!"

"तुला भूक लागली आहे ना? मग विराम माझा मी बघते."

"पण राजा मेला आणि तुम्ही थांबलातच नाही! एकदम नवीन राजाचं लग्नच लावलंत!"

रांगेत हशा पिकला. मावशींचे कान लाल झाले. पण त्यांनी पुस्तक मिटले नाही. पान परत वर घेतले, राजाला पुन्हा एकदा मारले आणि या वेळी माझ्या वरच्या पायरीवर तळहात ठेवून नीट थांबल्या. एका मुलीने हळूच विचारले, "मग?" त्या 'मग?'नंतर मावशींना थांबण्याची गोडी लागली. पूर्णविराम आला की माझ्यावर तळहात टेकायचा, एक श्वास घ्यायचा आणि पुढे जायचे. थोड्याच दिवसांत मुले ताटे घेऊन वेळेच्या आधी यायला लागली. जेवणासाठी नव्हे, पुढे काय झाले ते ऐकायला.

आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळा एका कार्यालयाखाली येतात. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात सगळ्या शाळांचा मिळून गौरव समारंभ होतो. धावणारी, चित्रे काढणारी, गणिते सोडवणारी मुले तिथे बक्षिसे घेतात. त्या वर्षी पहिल्यांदाच मोठ्यांच्या वर्गासाठी मोठ्याने वाचण्याची स्पर्धा ठेवली होती. न बघितलेले पान हातात द्यायचे आणि चारचौघांत वाचायचे. मावशी आमच्या शाळेकडून गेल्या. परत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात आणि माझ्या मधल्या पायरीवर धपकन बसल्या. मुलांनी गराडा घातला.

"काय झालं, मावशी?"

"काय होणार? थांबले सगळीकडे."

"मग?"

"मग पहिली आले." आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. हसत होत्या की रडत होत्या, सांगता येत नाही. मधली पायरी मात्र बराच वेळ कुरकुरत होती.

इथवर सगळे छान होते. पण समारंभाच्या आधी खेळाचे सर सभागृह बघून आले आणि ओट्याशी येऊन घुटमळू लागले.

"मावशी, तिथला विजयमंच मी बघितला. चकचकीत आहे, नवा आहे. पण तीन सुटे चौकोन आहेत. पहिला चौकोन तुमच्या कमरेइतका येतो. मुलं उडी मारून चढतात. बाजूला पायरी नाही."

मावशींनी पळी खाली ठेवली. "मग?"

"मी कार्यालयात विचारलं. ते म्हणाले, दोन स्वयंसेवक देतो, तुम्हाला उचलून वर ठेवतील."

"ठेवतील? मी काय पातेलं आहे?"

"नाही तर म्हणाले, खाली जमिनीवर उभं राहून पदक घ्या."

"जमिनीवरच उभं राहायचं तर मी घरी राहते. जमीन तिथेही आहे."

मोठ्या बाई समजूत घालायला आल्या. मावशींनी त्यांना सरळ सांगितले, "बाई, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या टाळ्या या खिडकीतून ऐकल्या. मला एकदा वर जायचं आहे. पण माझ्या पायांनी. ते जमणार नसेल तर पदक इथे पाठवून द्या, मिठाच्या बरणीला बांधीन."

नेमके त्याच वेळी सुतारकाका हत्यारांची पिशवी घेऊन दारात आले. सुट्टी नव्हती, पण वहिनींच्या पहिल्या नंबराचे कळले होते. सगळा प्रकार ऐकून ते लगेच म्हणाले, "एवढंच ना? मी दोन दिवसांत लहानसा जिना करून देतो. त्या चौकोनाला लावायला. नवाकोरा."

"नवा कशाला? हा काय वाईट आहे?" मावशींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

काकांनी माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. "तो नको, वहिनी."

"का?"

"तो इथे ठीक आहे."

"का म्हणते मी?"

काका पिशवीचा बंद सोडत आणि बांधत राहिले. मग म्हणाले, "लोक हसतील. एवढ्या शाळांची माणसं येणार. एकदा हसून झालंय त्याला. पुरे."

सर अजून ओट्याशीच उभे होते. त्यांनी खाली बघितले.

मावशी हळू आवाजात बोलल्या. त्यांचा हळू आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. "भाऊजी, राजा मेल्यावर मी थांबले नाही म्हणून सगळी रांग हसली होती मला. माझ्या कढईएवढी पोरं. पण मी माझं पुस्तक भिंतीकडे तोंड करून नाही ठेवलं."

शेगडीवरचे वरण उतू गेले, तरी कुणी धावले नाही.

"तुमचा जिना येणार नसेल," मावशी म्हणाल्या, "तर मीही जाणार नाही. बघा काय ते."

आधी हलले ते खेळाचे सर. ते पुढे आले. गुडघ्यावर बसले. मला दोन्ही हातांनी धरून त्यांनी फिरवले आणि इतक्या वर्षांनी माझे तोंड उजेडाकडे झाले. सरांनी आकड्यांवरून फडके फिरवले. "पुसट झालेत," ते म्हणाले. "रंग आणतो मी. मीच रंगवतो." ते जायला निघाले तसे काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सर, तीन आधी रंगवा. चढणारा आधी तिथेच पाय ठेवतो."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि रंधा बाहेर काढला.

समारंभाच्या दिवशी ज्याने ज्याने मला उसने नेले होते तो तो हजर झाला. वीजतंत्री आला, फोटोवाला आला, पडदेवाल्या काकू आल्या. भाजीवाल्याने हातगाडी दिली. मला उचलायचे कसे यावर जितकी माणसे तितकी मते. एक म्हणे तीनकडून धरा, दुसरा म्हणे एककडून. काकूंनी तर सवयीने पडदा सांभाळायला सांगितले, पडदा कुठेही नसताना. अशी वरात काढून मी सभागृहात पोचलो.

दारातच कार्यालयाच्या साहेबांनी अडवले. "हे काय आणलंत?"

"आमच्या शाळेचा विजयमंच," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अहो, पण आमच्याकडे आहे की."

"तुमच्याकडचा उड्या मारणाऱ्यांचा आहे. आमचा चढणाऱ्यांचा."

साहेबांना घाई होती. "ठेवा बाजूला," म्हणून ते पुढे गेले.

मला त्या चकचकीत चौकोनांशेजारी ठेवले. खरे सांगतो, जीव अगदी लाकडासारखा झाला होता. समोर खुर्च्याच खुर्च्या, सगळ्या शाळांची मुले, आईबाप, शिक्षक. मुलांची बक्षिसे सुरू झाली. पोरे टुणकन उडी मारून चौकोनांवर चढत होती, पदके चमकत होती, टाळ्या पडत होत्या. आमच्या शाळेतल्या त्या 'मग?' विचारणाऱ्या मुलीला लांब उडीत दुसरे बक्षीस मिळाले. या टाळ्या खिडकीतून नव्हे, समोरून ऐकायला मिळत होत्या. सुतारकाका मात्र अगदी मागे, दाराशी उभे होते. पळायला सोपे म्हणून. शर्ट इस्त्रीचा होता.

मग मोठ्यांच्या वाचनाचे बक्षीस पुकारले आणि मला पुढे ओढले. कुजबुज झाली. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याने मोठ्याने विचारले, "आई, हा जिना कुठे जातो?" आणि व्हायचे तेच झाले. सभागृह हसले. काकांचा हात दाराच्या कडीवर गेलेला मी बघितला.

तिसरे आले होते एका शाळेचे म्हातारे पहारेकरी. ते माझ्या खालच्या पायरीवर चढले आणि बंदोबस्ताला उभे राहावे तसे छाती काढून उभे राहिले. दुसरी आली होती एक तरुण आई, कडेवर झोपलेले बाळ. तिला मधल्या पायरीवर जायचे तर वाटेत पहारेकरी! "आजोबा, जरा सरकता का?" आजोबा सरकले, पण बाळ घेऊन तिला वाकडे होऊन जाता येईना. "आणा ते इकडे," म्हणून आजोबांनी बाळ आपल्याकडे घेतले आणि ती वर गेली.

आता मावशींचे नाव पुकारले.

मावशी आल्या. समोर बाळ घेतलेले पहारेकरी, त्यांच्या वर ती आई. "या बाई," आजोबा अंग चोरून म्हणाले, "वर जागा आहे." मावशींनी तीनवर पाय ठेवला. थांबल्या, एक श्वास घेतला, जसा पूर्णविरामाला घेत. मग दोनवर पाय ठेवला. काकांनी सकाळीच पाचर मारली होती, तरी मी कुरकुरलोच. आख्ख्या सभागृहाला ऐकू गेले. पुन्हा थांबल्या, पुन्हा श्वास घेतला. आता कुणी हसत नव्हते. मघाचे ते चिमुरडेसुद्धा तोंड उघडे टाकून बघत होते. मग मावशींचा पाय माझ्या वरच्या पायरीवर आला, आणि दुसराही आला. कुणी उचलले नाही. कुणी ठेवले नाही.

वर उभे राहून त्यांनी मान उंच केली, दाराकडे बघितले आणि त्या दोन मजली आवाजात हाक मारली, "भाऊजी, पोचले हो!"

मित्रांनो, त्यानंतरच्या टाळ्यांचे वर्णन मी करणार नाही. लाकडाला थरथर सुटते हे मला त्या दिवशी कळले. दाराशी काकांनी कडी सोडली होती. दोन्ही हातांची गरज होती त्यांना.

पदक घालायला साहेब पुढे आले, तर मावशी इतक्या उंचावर की त्यांचा हात पोचेना. मावशींना वाकायला गुडघे परवानगी देईनात. साहेबांनी इकडे बघितले, तिकडे बघितले, आणि मग बाळाला सांभाळत, आजोबांना ओलांडत, स्वतःच माझ्या मधल्या पायरीपर्यंत चढले. मी त्यांच्याही पायाखाली तितकाच कुरकुरलो.

सगळे पांगल्यावर काका माझ्याजवळ आले. वरच्या पायरीवर गाल टेकवायला वाकले, मग आजूबाजूला माणसे आहेत हे लक्षात येऊन नुसता तळहात फिरवला. वीजतंत्री म्हणाला, "काका, कुठल्या बाजूनं उचलू?" काका म्हणाले, "कुठूनही उचल. पण ठेवताना आकडे दिसायला हवेत."

तेव्हापासून माझे तोंड भिंतीकडे नसते. मोठ्या बाई मावशींना म्हणाल्या होत्या, आता तरी ती मिठाची फळी खाली आणू. मावशींनी साफ नकार दिला. "खाली आणली तर मी चढू कशावर?" पदक त्यांनी खरोखरच मिठाच्या बरणीला बांधले आहे. त्यांना रोज तिथवर जायचेच असते.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. मला ओल्या फडक्याने पुसाल तर पाठोपाठ कोरडे फिरवा. उन्हात नेऊन विसरू नका. उसने न्याल तर बातमी ताजी आणा. आणि कुणी आपल्या हाताने तुमच्यासाठी काही करून आणले, आणि ते तुम्ही मागितले होते तसे नसले, तर हसू येईल. हसा. पण चादर ओढल्याबरोबर ते अडगळीत लोटू नका. ते कुणाच्या तरी पायांच्या मापाचे असते. ज्याच्या मापाचे आहे ते माणूस अजून यायचे असते, इतकेच.

बरे, आता जागा द्या. मावशी येत आहेत. त्यांना मीठ काढायचे आहे.